कोलमन हेशनच्या स्वयंपाकघरातल्या दोन भिंती

कोलमन हेशनला जगातल्या बऱ्याच गोष्टींचा तिटकारा होता आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही. डब्लिनचे आर्किटेक्ट, बिनदुधाचा चहा पिणारी माणसं, भिंतीऐवजी ठोकायचे तयार बोर्ड, आणि पुस्तकातून गिलावा शिकलेली पोरं. पण या सगळ्यांच्या वर, अगदी मानाच्या जागी, त्याने एक वस्तू बसवली होती. मूठ लावलेली फळी आणि तिच्या पोटाला चिकटवलेला जाड नारिंगी स्पंज. ही वस्तू त्याच्या स्वतःच्या मुलीच्या बादलीत होती, हे त्याचं दुखणं.

"भांडी घासायची असतील तर आईला मदत कर," तो ऊनाला म्हणायचा. "भिंतीला आंघोळ कशाला घालतेस?"

ऊना बापाच्याच हाताखाली शिकलेली. मध्ये गॉलवेच्या एका ठेकेदाराकडे राहून आली आणि येताना ही फळी घेऊन आली. तिची पद्धत अशी होती. गिलाव्यावर शेवटचा पातळ थर चढवायचा आणि वाट बघायची. बोट टेकवलं की ठसा उमटतो पण बोट आत जात नाही, अशी वेळ आली की ओला स्पंज पिळून हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. थराची साय वर येते, बारीक भोकं तिने आपोआप बुजतात. मग थापीचा एकच हात, आणि भिंत झाली. मनगटाला त्रास नाही.

हे 'मनगटाला त्रास नाही' ऐकलं की कोलमनचं डोकं फिरायचं. त्याच्या मते मनगटाला त्रास नाही ते काम नव्हेच. तो पोलादी थापीने भिंत घोटायचा. पुन्हा पुन्हा, दर वेळी जोर वाढवत, पांढरा थर काळपट चमकायला लागेपर्यंत. नॉकरोपासून क्लिफ्डेनपर्यंत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सांगत असल्यामुळे दुसऱ्या कोणाला सांगावं लागत नसे. आता त्याचं उजवं मनगट सुजायचं. रात्री तो ते रजईबाहेर ठेवून झोपायचा आणि डिलियाने, त्याच्या बायकोने, विचारलं तर हवेला शिव्या घालायचा.

त्या शरदात दोन गोष्टी एकदम आल्या. पाळीची मिस्सा, म्हणजे दर वर्षी एकेका घरी होणारी प्रभूभोजनाची प्रार्थना, हेशनांच्या घरी आली, आणि टेकडीवरच्या चॅपलच्या भिंती नव्याने करायचं ठरलं. मिस्सा घरी यायची म्हणजे काय, ते आमच्या भागात जन्मलेल्यालाच कळेल. सगळी वाडी तुमच्या स्वयंपाकघरात गुडघे टेकते, आणि डोळे मिटल्यासारखे करून तुमचा चुना, तुमची कपाटं आणि तुमच्या कपांच्या कडा तपासते. त्यासाठी लोक घरं रंगवतात, दारं बदलतात. हेशनांच्या घराची भिंत तर लग्नानंतर एकदाही झाली नव्हती. गवंड्याच्या घरच्या भिंती कशा असतात ते डिलियाला विचारावं.

चॅपलचे फादर लव्हेल म्हणाले होते, "तुमचं स्वयंपाकघर बघूनच चॅपलचं काम कोणाला द्यायचं ते ठरवतो."

ऊनाने बापाला जेवणाच्या टेबलावर स्पष्ट सांगितलं. "गॉलवेचे लोक मला परत बोलावताहेत. चॅपल माझ्या पद्धतीने करू देणार असाल तर राहते. नाहीतर मिस्सा झाली की दुसऱ्या दिवशी मी निघाले."

"स्पंजने चॅपल?" कोलमनने बटाटा काट्याने दाबला. "देवाने काय पाप केलंय?"

"देवाचं जाऊ द्या. तुम्ही बोला."

"दोन भिंती करू. एक तुझी, एक माझी. ज्याची चांगली त्याचं चॅपल. तुझी ठरली तर कामाची व्हॅनसुद्धा घे, वर तुझं नाव रंगव." हे तो ज्या सुरात म्हणाला त्या सुरात माणूस मांजराला दूध देतो. पण त्या रात्री त्याने मनगट रजईबाहेर ठेवलं आणि छताकडे बघत पडला. पोर गेली तर घरात तो, डिलिया आणि चुलीवरची किटली, एवढंच उरणार होतं. त्याला त्याची भीती वाटत होती. स्पंज मान्य करण्याची मात्र त्याहून जास्त वाटत होती.

मिस्सेची वेदी ज्या भिंतीला लागायची ती त्याने न विचारता घेतली. समोरची, दाराकडची, ऊनाला मिळाली. दोघांनी एकाच बादलीतला माल घेतला. दुपारपर्यंत ऊनाची भिंत झाली. तिने स्पंज धुतला, पिळला, उलटा टांगला आणि चहा घेऊन स्टुलावर बसली. कोलमनने तिच्या भिंतीकडे नजरसुद्धा टाकली नाही. फक्त एकदा जाता जाता हात फिरवला.

"मेंढीची पाठ," तो म्हणाला.

"रंगाला धरायला काहीतरी हवं ना, बाबा."

"भिंतीने रंगाला धरायचं नसतं. रंगाने भिंतीपुढे लाज वाटून चिकटायचं असतं."

आणि तो घोटत राहिला. थर कडक झाला तरी घोटत राहिला. ब्रशने पाणी शिंपडायचा आणि दोन्ही हातांनी थापी दाबायचा, कारण एका हाताने आता जमत नव्हतं. पोलादाची किरकिर घरभर ऐकू येत होती. डिलिया कानाला रुमाल बांधून गाजरं सोलत होती.

"बाबा, थांबा आता," ऊना म्हणाली. "करपेल ती."

"करपायला तो काय सोडा-पाव आहे?"

"तिची भोकं बुजताहेत सगळी. वर काही बसणार नाही."

"बसवायचं काय आहे तिच्यावर? कोंबड्या?"

शेवटी त्याने थापी खाली ठेवली तेव्हा भिंत भिंत वाटतच नव्हती. खिडकीतलं आभाळ तिच्यात उतरलं होतं. डिलियाने गाजर हातातच ठेवून तिच्यात आपले केस सारखे केले. कोलमन खुर्चीवर बसला आणि मनगट मांडीखाली दडपलं, कोणाला सूज दिसू नये म्हणून. एवढी चांगली भिंत त्याने आयुष्यात केली नव्हती. त्याला ते माहीत होतं, आणि ऊनालाही माहीत होतं. तिने मान डोलावली. खरं तर त्या क्षणी तीच हरली होती.

रंग डिलियाने दिला, दोन्ही भिंतींना एकाच डब्यातला. पहिला हात पाणी घालून पातळ द्यायचा असतो, तसा दिला. ऊनाच्या भिंतीने तो चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा पिऊन टाकला. कोलमनच्या भिंतीवरून तो ओघळून सरळ फरशीवर आला.

"पाणी घातलं की असंच होणार," कोलमन म्हणाला. "दुधात घालतात, व्हिस्कीत घालतात, आता रंगातही. जाड दे."

डिलियाने जाड दिला. एकदा, मग पुन्हा. वाळला तेव्हा झकास दिसत होता. ऊनाने नखाने कोपऱ्यात टोकरून बघितलं, बापाकडे बघितलं आणि बोट खिशात घातलं.

मिस्सेच्या संध्याकाळी पाऊस होता. माणसं ओल्या कोटांसकट आत आली. बायका पुढे, पुरुष नेहमीसारखे मागे दाराशी, लवकर सुटता यावं म्हणून. टेबलाखाली ठोकळे घालून ते उंच केलं होतं, वर पांढरं कापड आणि मेणबत्त्या. बिडाच्या चुलीवर मिस्सेनंतरच्या चहासाठी दोन मोठ्या किटल्या आधीच खळखळत होत्या. फेस्टी मॅनियन आला होता. हा शेजारच्या गावचा गवंडी, कोलमनचा जन्माचा वैरी, आणि आज केवळ भिंती बघायला आंघोळ करून आलेला. त्याने ऊनाच्या भिंतीला पाठ लावली आणि कोलमनच्या भिंतीकडे तोंड केलं.

"ही स्पंजवाली वाटतं," तो खांद्याने मागची भिंत घासत म्हणाला. "पोरीचं शिक्षण फुकट गेलं म्हणायचं."

कोलमनला हे स्वतः म्हणायचं होतं. पण फेस्टीच्या तोंडून ऐकल्यावर ते त्याला मुळीच आवडलं नाही. "तुझ्या पाठीचा मळ लावू नकोस तिला," तो म्हणाला.

आधी बैठकीच्या खोलीत पापनिवेदन झालं. फादरनी कोलमनला गर्वाबद्दल विचारलं. कोलमन म्हणाला, "फादर, ज्याचा करण्यासारखा आहे त्याचाच करतो." फादरनी त्याला माफ केलं, कारण बाहेर रांग होती.

बायबलचं पहिलं वाचन चालू असताना रंगाला फुगा आला. फादरच्या डाव्या खांद्याच्या वर, अंड्याएवढा. कोलमनने तो सर्वांत आधी पाहिला. किटल्यांची वाफ, ओल्या कोटांची वाफ आणि एवढ्या माणसांचे श्वास त्या थंड गुळगुळीत भिंतीवर जाऊन बसत होते, आणि रंगामागे पाणी उतरत होतं. प्रार्थना संपेपर्यंत फुगा बशीएवढा झाला. मग त्याच्याशेजारी दुसरा आला, आणि दोघे सरकत सरकत एकमेकांना मिळाले. लोकांच्या नजरा प्रार्थनापुस्तकातून उठल्या. मागच्या पुरुषांमध्ये खोकला सुरू झाला, असा खोकला ज्याचा घशाशी संबंध नसतो.

फादरनी प्रसादाची भाकर वर उचलली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. त्या शांततेत रंगाचा एक अख्खा पापुद्रा वरून सुटला आणि हळूहळू, अंगावरून घसरणाऱ्या चादरीसारखा, वेदीच्या मागे वाकून लोंबकळला. मेणबत्ती विझता विझता राहिली. फादर लव्हेल मागे वळले नाहीत. एवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

मिस्सा संपली. चहा ओतायला कोणी हललं नाही. फेस्टी मॅनियनने घसा साफ केला.

"कोलमन, तुझी भिंत कात टाकतेय रे."

कोणीतरी हसलं. डिलियाने चेहरा रुमालात घातला. रंगच भिकार होता, असं म्हणायला कोलमनने तोंड उघडलं. सोपं होतं ते, आणि अर्ध्या वाडीने विश्वासही ठेवला असता. पण समोर ऊनाची भिंत उभी होती. तोच डबा, तीच वाफ, वर फेस्टीची घामट पाठ, आणि एक पापुद्रा हलला नव्हता. खोटं बोलायलाही त्याला आता तिटकाराच आला.

तो वेदीमागे गेला, लोंबता पापुद्रा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. रंग कोपऱ्यापर्यंत एका दमात सोलून आला. खाली ती भिंत होती. मेणबत्त्या, माणसं, फादरचा हिरवा झगा, सगळं तिच्यात दिसत होतं. फेस्टी पुढे आला, त्याने बोटांची मागची बाजू भिंतीवर फिरवली आणि हात लगेच खिशात घातला.

"असली मी कधी केली नाही," तो म्हणाला. यावेळी त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

"माहितेय मला," कोलमन म्हणाला.

फादर लव्हेलनीही बघितलं. "फार सुंदर आहे, कोलमन. पण हिवाळ्यात आमच्या चॅपलमध्ये सगळी वाडी ओली येते आणि तासभर श्वास घेते. आणि मला रंग तर द्यावाच लागेल."

सगळ्यांनी कोलमनकडे पाहिलं. ऊनाने पाहिलं नाही. ती कप मांडत होती, आणि कप बशीवर वाजत होते. तिची बॅग जिन्याखाली भरून ठेवलेली होती, ती त्याने सकाळीच पाहिली होती.

"रंग द्यायचाय ना," कोलमन म्हणाला, "मग मला काय विचारता? रंगाला बसायला मेंढीची पाठ हवी असते. ती हिच्याकडे आहे. हिला विचारा." त्याने हातातला पापुद्रा चुरगळून चुलीत टाकला. "आणि फेस्टी, तू त्या भिंतीपासून दूर हो. ती नीट केलेली भिंत आहे. तुला कळायची नाही."

चहा ओतला गेला. हॅमची सँडविचं संपली, सफरचंदाचा टार्ट संपला, आणि वाडीला महिनाभर पुरेल एवढं बोलणं गोळा करून लोक घरी गेले.

सकाळी ऊना उठली तेव्हा जिन्याखालची बॅग तिच्या खोलीच्या दाराशी परत ठेवलेली होती. खाली तिच्या बादलीत, स्पंजवर, व्हॅनची किल्ली होती. कोलमन वेदीच्या भिंतीसमोर उभा होता. टेबल बाजूला सरकवलेलं, आणि हातात जाड्या खरखरीत घासकागदाचा तुकडा. भिंतीत खिडकी दिसत होती आणि खिडकीत तो.

"मी करू का, बाबा?" ऊना म्हणाली. "तुमचं मनगट..."

"तू चॅपलला जा. पहिल्याच दिवशी उशीर करशील." त्याने मागे पाहिलं नाही. "आणि ती भांडी घासायची फळी घेऊन जा बरोबर. माझ्या डोळ्यांसमोर नको."

व्हॅन अंगणातून बाहेर पडेपर्यंत तो थांबला. मग त्याने कागद दुमडला, मनगट डाव्या हाताने धरलं, आणि आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या भिंतीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पहिला ओरखडा काढला.