शेवटच्या दावणीवरची बाई

वत्सलाबाईंच्या मुलाने केलेल्या गेमला पहिल्या दिवशी आलेले सगळे अभिप्राय मुरबाड तालुक्यातले होते, आणि त्यातला एकही गेम खेळलेल्या माणसाचा नव्हता.

ही व्यवस्था बाईंचीच. ओमकार ठाण्याच्या एका कंपनीत मोबाइलवरचे गेम बनवतो. कंपनीचा मोठा गेम किल्ल्यांचा नि फौजेचा, बक्कळ खपलेला. त्यालाच फुटलेला एक छोटा फाटा ओमकारने एकट्याने केला. फौजेला बैल पुरवणारा व्यापारी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या बैलांच्या जत्रेत उतरतो आणि एकेका दावणीवर सौदा करत पुढे सरकतो. चित्रं मुद्दाम जुन्या व्हिडिओ गेमसारखी चौकोनी; बैलाची शिंगं म्हणजे दोन ठिपके. भाव मात्र म्हशाच्या रीतीने, टॉवेलखाली हात घालून बोटं दाबत ठरायचा, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायला डोकंच लढवायला हवं. दोन तासांत बाजार उठतो. साहेब हितेशभाई म्हणाले होते, लोकांना आवडला तर याचाच मोठा गेम कर, मुरबाडला घरी बसून कर. नाही आवडला तर हैदराबादच्या ऑफिसात रुजू हो.

हैदराबादचं नाव निघाल्यावर बाईंनी पदर खोचला. ज्यांच्या हळदीला त्या राबल्या होत्या, ज्यांच्या पोरींची स्थळं त्यांनी जुळवली होती, त्या सगळ्यांना फोन गेले.

"नम्रता, पाच तारे दाब गो. मी नाय का तुझ्या पार्लरला दाबले?"

बाई त्या पार्लरची पायरी कधी चढल्या नव्हत्या, पण तारे दिले होते हे खरं. नम्रताला नाही म्हणता येईना.

अभिप्राय धडाधड आले. "जेवण उत्तम, वाढपी नम्र." "पार्किंग ऐसपैस. सहकुटुंब अवश्य भेट द्या." एकाने "डॉक्टर वेळ देऊन ऐकतात" असंही लिहिलं. तारे देताना एरवी लिहितात तेच लोकांनी लिहिलं होतं, आणि बाईंच्या हिशेबी परतफेड चोख झाली होती. संध्याकाळपर्यंत ते सगळे अभिप्राय बनावट ठरून पुसले गेले. हितेशभाईंनी फोन करून ओमकारला विचारलं, पार्किंग कितव्या लेव्हलला आहे ते मलाही दाखव.

"आई, हात जोडतो, यात पडू नको," ओमकार म्हणाला.

"मी कुठं पडते? लिहिणाऱ्यांनी खेळून लिवलं नाय, त्यांची चूक. आता खेळायलाच लावते एकेकाला."

आणि लावलंच. घरी आलेल्याला आधी फोन काढायला सांगायचं, मग चहाचं आधण ठेवायचं. पण एकदा बसलेला माणूस चहा निवला तरी उठेना. कल्याणची जीप चालवणाऱ्या बारकूने भरलेली जीप तशीच उभी ठेवून दोन दावणी उरकल्या. मागचे प्रवासी आधी ओरडले, मग बारकूच्या खांद्यावरून वाकून सल्ले द्यायला लागले.

आता अभिप्राय खरे आले, आणि खरे अभिप्राय गोड असतातच असं नाही. "बटणं बारीक आहेत, माझी बोटं शेतकऱ्याची आहेत." "चित्रं बघून शाळेचे दिवस आठवले. पोराला वाटलं फोन बिघडला." "फार लवकर संपतो, आणखी दावणी हव्या होत्या." पुण्या-नागपूरचे अनोळखी लोकही लिहायला लागले. आणि बहुतेक सगळ्यांचं बोट शेवटी एकाच जागी येऊन थांबत होतं: शेवटच्या दावणीवरची बाई. "कितीही बोटं दाबा, मान हलवते." "ही बाई आहे की खांब?" "बाई बिघडलेली आहे, कंपनीने दुरुस्त करावी." तारे घसरत दोनावर आले.

चमत्कारिक गोष्ट अशी, की बाई जवळ आल्या की गावातले लोक गप्प व्हायचे. बारकूला विचारलं तर तो जीपच्या टायरकडे बघत म्हणाला, "गेम झ्याक हाय काकी. शेवटी जरा चढ लागतो, एवढंच."

बाईंनी नवऱ्याचा, जयरामरावांचा, फोन घेतला आणि स्वतः खेळायला बसल्या. मधल्या दावणी त्यांनी शेंगा सोलाव्यात तशा सोलल्या. शेवटच्या दावणीवर हिरव्या लुगड्यातली बाई उभी होती. नाकात चौकोनी नथ, एक हात कमरेवर. भाव ऐकला आणि तिने मान हलवली. ती मान बघितल्यावर जयरामरावांना एकदम म्हशीला पाणी पाजायची आठवण झाली.

"ही कोण रे?" बाईंनी मुलाला विचारलं.

"कोणी नाय. कॅरेक्टर आहे."

"नथ माझी हाय."

"नथ काय, सगळ्यांकडे असते."

"आणि कमरेवरचा हात?"

ओमकार चार्जर शोधायला लागला.

खरं सांगायचं तर बाई रागावल्या नव्हत्या. अख्खा तालुका, वर पुणं नि नागपूर, आपल्याला हरवू शकत नाही, हे त्यांना पुरणपोळीसारखं गोड लागलं. पुढचे दोन दिवस त्या बाजारात जरा ताठच चालल्या. मग ओमकार उतरलेल्या तोंडाने स्वयंपाकघरात आला.

"साहेब म्हणतात, निम्मे लोक तुझ्यापाशी... तिच्यापाशी येऊन गेम सोडतात. हरवता येत नसेल तर गेम अर्धवटच बनवलाय. सोमवारी ठरवणार."

"येतं का पण हरवता?"

"येतं."

"कसं?"

ओमकारने पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, "शेजारच्या दावणीला तांबडा बैल आहे. तो विकाऊ नाय, म्हणून कुणी त्याला हात लावत नाय. तिच्या बैलाकडे बघायचंच नाय. तीनदा त्या तांबड्याचं कौतुक करायचं. मग ती आपणहून हात पुढे करते नि भाव निम्म्यावर येतो."

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. म्हशाच्या जत्रेत गिऱ्हाईक शेजारच्याच्या बैलापुढे रेंगाळलं की त्यांचा जळफळाट व्हायचा. मग पडेल भावाने आपला बैल त्याच्या गळ्यात मारायच्या, फक्त शेजाऱ्याचं तोंड उतरलेलं बघायला. घरी येऊन भाव चांगला आला म्हणायच्या. हे आपल्याखेरीज कुणाला ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती.

"तुला कवापासनं माहीत?"

"चौथीत होतो तेव्हापासून."

"आणि तुझ्या बापाला?"

मागच्या दारी जयरामराव खोकले.

"मग सांग की लोकांना!"

"कंपनीच्या माणसाने अभिप्रायात बोलायचं नाय, नियम आहे. खेळणाऱ्यांतलंच कुणी बोललं तर चालतं. शेजारच्या सूरजला सांगू? तोही खेळलाय."

"सूरज सांगील, नि वर माझा फोटो लावील."

जत्रा तोंडावर आली होती. गोठ्यात विकायचे दोन खोंड तयार होते. ही गोष्ट फुटली तर म्हशात आपली काय पत राहील, हे बाईंना कुणी सांगायला नको होतं.

"हैदराबादला गेलास तर घरी कधी येशील?"

"दिवाळीला. सुट्टी मिळाली तर."

बाईंनी हात पुसले आणि फोन मागितला.

त्यांनी लिहिलं: "गेम चांगला आहे, लहान आहे. शेवटची बाई बिघडलेली नाही. तिच्या बैलाकडे पाहू नये. शेजारच्या तांबड्याचं तीनदा कौतुक करावं, ती पाघळते. हे मी खात्रीने सांगते. नथ फार मोठी काढली आहे म्हणून एक तारा कमी." खाली पूर्ण नाव, गावासकट.

रविवारपर्यंत बोंबाबोंब झाली. नागपूरच्या एकाने लिहिलं, बाई पाघळली तेव्हा मी एवढा ओरडलो की शेजारी दार वाजवून गेले. आधी तारे कापणाऱ्यांनी ते परत चढवले. सोमवारी हितेशभाईंचा फोन आला. ते स्वतःही शेवटच्या दावणीवर अडकून पडले होते असं कळलं. मोठा गेम कर म्हणाले, मुरबाडला बसून कर, आणि बाईला हात लावू नको.

ओमकार पडवीत टेबल टाकून बसायला लागला, आणि रोज भाजी कोणती यावरून आईशी वाद घालायला लागला.

जत्रेत बाईंनी खोंड बांधले, पाठीवर झूल टाकली, कमरेवर हात ठेवला. बारकूला शर्यतीसाठी जोडी हवी होती. तो सरळ आला आणि खोंडांकडे ढुंकूनही न बघता शेजारच्या दावणीपुढे उभा राहिला.

"वा! काय वशिंड हाय!"

मागून शहापूरकडची दोन अनोळखी पोरं आली, तीही तिथेच थांबली. "शिंगं बघ रे शिंगं!" शेजारचा म्हातारा भांबावला. "अरे, हा माझ्या नातवाचा हाय, विकायचा नाय!"

हे काय चाललंय ते बाईंना पुरतं कळत होतं. त्यांनीच तर लिहिलं होतं. त्यांनी ओठ मिटले, मान वळवून घोंगड्यांच्या दुकानांकडे बघितलं, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"आणि चाल कशी असंल याची!" बारकू म्हणाला.

"ए बारक्या," बाई म्हणाल्या, "चाल बघायची तर हिकडं ये. आणि टॉवेल आण."