तापीमायची जुडी

"साहेब, कुऱ्हाड चालवायची असंन तं पहिले माह्यावर चालवा," मालूबाई म्हणाली आणि निरगुडीला पाठ लावून उभी राहिली.

आमच्या ऑफिसचा शिपाई पंडित याने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मी सॅनिटरी इन्स्पेक्टर. अडचण आली की कागदाकडे बघायचं, एवढं नोकरीत पक्कं शिकलो होतो.

सत्तावन्न सालचा जानेवारी. नवं राज्य होऊन तीनेक महिने झाले होते. नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले होते आणि मी मराठीत विचार करून हिंदीत चुका करत होतो. त्यातच बुऱ्हाणपुरात हगवण पसरली. सिंधीपुऱ्यात तर घरटी एक आजारी. वरच्या साहेबांना कुणीतरी सांगितलं, की हे कच्च्या पालेभाजीतून होतं आणि भाजीवर पाखरं अन् मुंगसं घाण करतात. झालं! हुकूम निघाला: भाजीच्या वाफ्यांभोवतीची सगळी झाडंझुडपं सोमवारपर्यंत तोडावीत.

भाजीतून होतं, हे मला पटलेलं होतं. त्याच आठवड्यात भाकरीबरोबर जैनाबादहून आलेली जुडीभर कच्ची मेथी मी खाल्ली होती आणि पुढचे तीन दिवस माझ्या हातातला तांब्या सुटला नव्हता. माझी बायको शारदा अजून हसत होती.

मालूबाईचं वावर नदीपलीकडे जैनाबादला, तापीच्या अगदी काठावर. अर्ध्या एकरात पालक, मेथी, कोथिंबीर. आणि काठाने निरगुडी, करंज, बोरी यांची दाट रांग.

"मोठ्या पुरात अर्धं वावर वाहून गेलं," ती सांगू लागली. "मंग आमच्या ह्यांनी एकेक रोप डोक्यावर आणून लावलं. ते गेले, पन काठ नई गेला. हे तोडलं तं येत्या पुरात वाफेबी जातीन. अन् भाजीवरच्या अळ्या कोन खाईन? तुमी?"

पंडित हसला. मी डोळे वटारले.

"पण पाखरं घाण करतात, हे काही खोटं नाही मालूबाई."

"करतेत ना! झाडाखाली करतेत. तिथं मी पालक काऊन लावीन? तिथं सुरन लावलं हाय, ते शिजवूनच खातेत. जरा डोळे उघडून पाहा की!"

पाहिलं. झाडं आणि भाजीच्या मध्ये चांगला आठ-दहा हातांचा सुरणाचा पट्टा होता. खत जुनं, मातीसारखं झालेलं. भाजी धुवायची ती मोटेच्या ताज्या पाण्याने, तीही फरशीवर. मला एकही खोट काढता येईना. मग मी तीन दिवस तांब्या घेऊन कशासाठी पळत होतो?

सोमवारला दोन दिवस होते. पंडितला कुऱ्हाडीसकट परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी मालूबाईच्या होडीत जाऊन बसलो. भाजीवाल्या बायका मला बघून पदराआड हसत होत्या.

होडी बुऱ्हाणपूरच्या घाटाला लागली. मालूबाई उतरली, डोक्यावरची टोपली दोन्ही हातांनी धरली आणि नदीत बुडवली. एकदा नाही, तीनदा. वीस हात वर म्हशी डुंबत होत्या आणि त्यांच्याही वर माणसं लोटे घेऊन बसली होती.

"अहो, हे काय करता!" मी ओरडलोच.

"तापीमायले दाखवते. तिनं शिवल्याबिगर भाजी बजारात कशी न्यावी? माही सासू असंच करे. तिची सासूबी."

मागे वळून पाहिलं, तर सगळ्यांच्याच टोपल्या पाण्यात. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

मी तिला बाजूला घेऊन सगळं समजावून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हंजे तापीमाय घान हाय म्हंता?"

मला लाज वाटली. रोज आंघोळ करून त्याच पाण्याला मीही हात जोडतो.

"माय चांगलीच आहे हो. तिच्यात आपण काय काय सोडतो, ते वाईट."

ती म्हशींकडे बघत राहिली. "माह्या भाजीनं लेकरं आजारी पडले?"

कुणाच्या भाजीने ते कसं सांगणार? पण खोटं बोलवेना. "कुणाची तरी लेकरं पडली असतील, मालूबाई."

ती वळली. भरलेली टोपली उचलून थेट म्हशींपुढे रिकामी केली. "आज नई इकत," एवढंच म्हणाली आणि होडीत जाऊन बसली. दिवसभराची मेहनत म्हशींनी दोन मिनिटांत चावून टाकली.

त्याच दिवशी मी जन्मातला पहिला हिंदी रिपोर्ट लिहिला. झाडं राहू द्यावीत, भाजी नदीत बुडवणं बंद करावं. वरच्या साहेबांनी तो वाचला की त्यातल्या चुका मोजल्या, देव जाणे. पण तोडण्याचा हुकूम 'फिलहाल स्थगित' झाला. आणि सरकारी फिलहाल म्हणजे जवळजवळ कायम. बाकीच्या बायका आधी कुरकुरल्या. मग मालूबाईची न बुडवलेली भाजी सुकलेली दिसूनही खपते, हे पाहून एकेक जण वळली. साथही ओसरली. शारदाने पुन्हा माझ्या ताटात कच्ची मेथी वाढली आणि तांब्याही शेजारी ठेवला.

त्यानंतर एका सकाळी मी मुद्दाम घाटावर गेलो. मालूबाई उतरली. टोपली तिने वरच्या कोरड्या पायरीवर ठेवली, त्यातली सगळ्यात चांगली पालकाची जुडी निवडली आणि खाली जाऊन पाण्यात सोडली. जुडी म्हशींना चुकवत डुलत डुलत निघाली. मालूबाईने ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

मग पायरीवर येऊन तिने दोन्ही हात पदराला पुसले. एकेक बोट कोरडं केलं, आणि मगच टोपलीला हात लावला.