लाल तारेचा तुकडा

माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला बोटभर लाल तारेचा तुकडा गुंडाळलेला असतो. कॅमेऱ्याचा अलार्म तपासायला तो लागतो. मागच्या पोर्टमधली दोन भोकं त्यानं जोडली, की कॅमेऱ्याला वाटतं, कुणीतरी बटण दाबलं. वीस वर्षांत मी तो कुठे विसरलो नव्हतो आणि मला त्याचा जरा माजच होता.

त्या घरात घड्याळं दुरुस्त करणारे एक काका एकटेच राहायचे. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. फोन दिला तरी बाबा बोलणार कसे? म्हणून तिनं मला बोलावलं. पलंगाशेजारी भिंतीवर एक बटण, त्याच्या तारा कॅमेऱ्यात. बाबांनी बटण दाबलं की तिच्या मोबाइलवर खूण जाणार, आणि ती खालच्या मजल्यावरच्या काकूंना किल्ली घेऊन वर पाठवणार.

सकाळी मी कॅमेरा बसवला, नेटवर्कची केबल खोचली. वीजही तिच्यातूनच येते. सेटिंगमध्ये अलार्म सुरू केला, लाल तुकडा भोकांत घातला आणि मुलीला फोन लावला.

“आली खूण!” ती म्हणाली. “आता ऑफिसात सारखं स्क्रीनकडे बघत बसायला नको. सुटले बाई एकदाची.”

तेवढ्यात पुढच्या गिऱ्हाइकाचा फोन. कुठवर आलात म्हणून तो खेकसला, मीही खेकसलो, आणि त्याच तावात बटणाच्या तारा त्या भोकांत खोचून स्क्रू आवळले.

काका मागे उभे होते. आयुष्यभर भिंगातून बारीक चाकं बघितलेला माणूस. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘ही लाल तार राहू द्यायची?’

मी पाटीकडे ओझरतं बघितलं. “काका, आमचं काम आम्हाला कळतं. तुम्ही निवांत पडा.”

त्यांनी पाटी पुसली.

दुपारी चार वाजता दुसऱ्या घरी मी स्क्रू-ड्रायव्हर काढला. मूठ मोकळी होती. लाल तुकडा काकांच्या कॅमेऱ्यातच राहिला होता. तो तुकडा तिथे होता तोवर कॅमेऱ्याच्या लेखी बटण सकाळपासून दाबलेलंच होतं. खरं बटण कितीही दाबलं तरी नवीन खूण जाणार नव्हती.

तेव्हाच मुलीला फोन करायला हवा होता. केला नाही. चूक गुपचूप निस्तरता येईल असं वाटलं. “थोडं काम राहिलंय” म्हणून काकूंना किल्लीसह वर नेलं.

काका पलंगाला पाठ लावून जमिनीवर बसले होते. पाय वाकडा, ओठ सुकलेले. आम्ही दोघांनी त्यांना उचलून पलंगावर घेतलं, पाणी पाजलं. काकू डॉक्टरांना आणायला धावल्या. मी स्टुलावर चढून लाल तुकडा उपटला.

काकांनी पाटी मागितली. ‘आत्ताच पडलो. बटण दाबलंच नाही.’

मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग उघडलं. बारा वाजून दहा मिनिटांनी ते पडले होते. मग हात वर जायचा, बटण दाबायचा, आणि ते दाराकडे बघायचे. पुन्हा हात, पुन्हा दार. एकेचाळीसपर्यंत मोजलं, पुढे मोजवेना. हाकही मारता न येणारा माणूस माझ्या शहाणपणावर विसंबून चार तास तिथे बसला होता. मला माझीच किळस आली.

रेकॉर्डिंग पुसायचा पासवर्डही माझ्याचकडे होता. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जाऊ दे अशी. तेही कारागीरच. त्यांच्याही हातून कधी एखादं घड्याळ बिघडलं असेल.

मी मुलीला फोन लावला. “ताई, सकाळी माझ्या हातून...”

“थांबा, थांबा!” तिचा आवाज चिरकला. “बाबांची खूण आलीय!”

मी वळून बघितलं. काकांचं एक बोट बटणावर होतं. दुसऱ्या हातानं ते मला फोन ठेवायला खुणावत होते.

“हो ताई, आत्ता आली,” मी म्हणालो. “पण ते दुपारी बारापासून दाबताहेत. तेव्हा का आली नाही, ते ऐका.”