पाच नंबरचा दरवाजा उघडत नाही

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मला उचलण्याचा हुकूम झाला. बटण दाबले गेले, मोटार घुमली, दोर ताणले गेले. मी जागचा हललो नाही.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे, धरणाचा. धरण भरले की जास्तीचे पाणी नदीत सोडण्यासाठी भिंतीचा एक भाग मुद्दाम खाली ठेवलेला असतो. त्याला सांडवा म्हणतात. आमच्या सांडव्यावर आम्ही पाच दरवाजे एका ओळीत उभे आहोत. पायऱ्या चढून वर आलात की समोर एक नंबर लागतो आणि ओळीच्या पार टोकाला मी, पाच नंबर. आजच्या प्रसंगाचे निम्मे कारण एवढेच आहे, की मी पायऱ्यांपासून लांब आहे.

मी पोलादाचा आहे. पाण्याच्या बाजूने माझे पोट फुगीर आहे आणि मागून दोन दणकट हात मला आधार देतात. दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी दोर आहे. ते दोर मोटार गुंडाळू लागली की मी वर जातो आणि माझ्या खालून पाणी सुटते. माझ्या कडांना रबराची पट्टी आहे, म्हणजे होती. बंद असताना फटीतून पाणी झिरपू नये, हे तिचे काम.

मला कारखान्यातून तीन तुकड्यांत आणले आणि इथेच जोडले. पहिल्या वर्षी धरण भरले तेव्हा आम्हा पाचही जणांना एकदम उचलले होते. लोक पोरांना खांद्यावर घेऊन पाहायला आले होते. मला तो आवाज आठवतो. पाण्याचा नव्हे, माणसांचा. पाण्याचा आवाज मी रोजच ऐकतो.

त्या काळी आमच्या दिमतीला चार माणसे होती. त्यांतल्या सर्वांत तरुणाला आज सगळे काका म्हणतात. दर उन्हाळ्यात हे चौघे दोरांना ग्रीस लावत, रबर पुसून तपासत आणि पाचही दरवाजे एकेक करून थोडे उचलून पुन्हा खाली ठेवत. माझी पाळी शेवटी येई. काका माझ्यावर तळहात आपटून म्हणत, "चल रे पाच नंबर, अंग मोकळं कर." मी कुरकुरत वर जात असे. ती कुरकुर ऐकून काका सांगत, कुठे ग्रीस कमी पडले आहे.

पुढे चारांतले दोघे निवृत्त झाले, एकाची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. काका एकटे राहिले. एका माणसाने पाच दरवाजांचे किती करावे? मग इथे एक रीत पडली. पावसाच्या दिवसांआधी तपासणीला साहेब लोक येत. पायऱ्या चढून दम लागलेला असे, ऊन डोक्यावर असे. छत्रीखाली उभे राहून ते एक नंबर उचलायला सांगत. एक नंबर वर जाई, खाली येई. त्या काळचे मोठे साहेब दरवेळी म्हणत, "शितावरून भाताची परीक्षा. चला." आणि काका हसून जोड देत, "पाचही एकाच आईची लेकरं आहेत, साहेब."

त्यामुळे ग्रीस कोणाला लागे, हे सांगायला नको. एक नंबर चकचकीत राहिला. दोन आणि तीनला उरलेसुरले मिळे. माझ्यापर्यंत डबा कधी पोचलाच नाही.

रबराला कोणी विचारले नाही, तेव्हा ते कडक झाले, मग त्याला चिरा गेल्या आणि मग ते तुकड्यातुकड्याने गळून पडले. माझ्या दोन्ही कडांतून पाणी येऊ लागले. आधी ओल, मग थेंब, मग धार. एका कोरड्या उन्हाळ्यात, शहरात दिवसाआड पाणी येत असताना, माझ्या धारेचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद ठेवून माणसे धरणावर चालत आली. पुढे टेलरमास्तर होते. त्यांचे दुकान लहान आणि आवाज मोठा.

"साहेब, आमच्या नळाला थेंब नाही आणि तुमच्या दरवाजाला धार!" ते म्हणाले. "डोळे आहेत की बटणं? बटणं असतील तर सांगा, नीट शिवून देतो."

लोक हसले, मग ओरडू लागले. मला खरेच बरे वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी ओळीच्या टोकापर्यंत चालत आले होते. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पुढे जे झाले, ते तक्रारीमुळे झाले असे कोणी म्हणू नये. ते उत्तरामुळे झाले.

मोठे साहेब म्हणाले, "रविवारपर्यंत एक थेंब दिसणार नाही."

त्यांच्या शेजारी नुकत्याच रुजू झालेल्या इंजिनीअर मॅडम होत्या. लोक पांगल्यावर त्या म्हणाल्या, "सर, नवं रबर मागवायचं, दरवाजापुढे अडसर लावून पाणी अडवायचं, मग बसवायचं. रविवारपर्यंत कसं होईल?"

"तहान लागल्यावर विहीर खणायची का, मॅडम? फटीवर लोखंडी पट्ट्या मारा आणि वेल्डिंग करून टाका."

"आणि मग हा उचलायचा कसा?"

"पावसाआधी कापून काढू. आहे काय अन् नाही काय!"

वेल्डर आला. त्याला सगळे ठिणगी म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक शर्टाला भोके होती. त्याने माझ्या दोन्ही कडांवर, वरपासून खालपर्यंत, पट्ट्या बसवल्या आणि मला बाजूच्या भिंतीतल्या लोखंडाशी जोडून टाकले. काम संपल्यावर तो काकांना म्हणाला, "याला आता हत्ती बांधा. सुटला तर नाव बदलेन."

"सुटू नको देऊ बाबा," काका म्हणाले. "माझे बूट तरी कोरडे राहतील."

रविवारी टेलरमास्तर पुन्हा आले. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवले. बोट कोरडे निघाले. टाळ्या पडल्या. ते सगळे घरी गेले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर मन लावून केलेले काम ते एकच. आणि ते करायला नको होते.

त्या वर्षी पाऊस ओढला. पुढच्या वर्षीही धरण भरले नाही, त्यामुळे दरवाजे उचलण्याचा प्रश्नच आला नाही. नंतर कधी भरले, तेव्हाही पहिल्या दोन-तीन दरवाजांवर भागले. मोठ्या साहेबांची बदली झाली. मॅडमचीही झाली. जाताना चहा पिता पिता त्यांनी नव्या साहेबांना सांगितले होते, "पाच नंबरच्या पट्ट्या कापायच्या राहिल्यात, तेवढं बघा." नवे साहेब "हो, हो, बघू या" म्हणाले. त्यांच्यासमोर तेव्हा बघायच्या गोष्टींचा ढीग होता आणि त्यातली कोणतीच गोष्ट ठिबकत नव्हती. नंतर कोणी बडा पाहुणा येणार म्हणून आम्हा पाचांना हिरवा रंग दिला गेला. रंगाऱ्याने पट्ट्यांवरूनही ब्रश फिरवला. आता पाहणाऱ्याला पट्टी कुठली आणि मी कुठला, हे कळत नव्हते.

माझ्या डाव्या हाताला मातीचा बांध आहे. धरणाची दगडी भिंत जिथे संपते, तिथून तो टेकडीपर्यंत जातो. त्यावर झुडपे वाढली, उंदीर-घुशींनी बिळे केली. मागच्या वर्षी त्याचा एक भाग खचला. खचलेल्या जागेपाशी दोन रिकामे ड्रम ठेवून मध्ये लाल फीत बांधली. फीत वाऱ्याने गेली. एक ड्रम कोणीतरी घरी पाणी भरायला नेला. दुसरा गंजला आहे, म्हणून आहे.

दगडावरून पाणी गेले तर दगड सोसतो. मातीवरून गेले तर माती पाण्याबरोबर जाते. आणि नदीच्या खालच्या अंगाला, पात्राला लागून, एक वस्ती आहे. तिथे दुसऱ्या गल्लीत काकांची मुलगी राहते.

आज सकाळपासून वरच्या खोऱ्यातून पाणी येते आहे. दुपारी दरवाजे उघडायला सुरुवात झाली. एक नंबर लोण्यासारखा वर गेला. त्याला सवयच आहे. दोन आणि तीन कुरकुरत गेले. चार नंबर अर्ध्यावर अडकला आणि तसाच राहिला. मग सगळे माझ्याकडे आले.

मोटार घुमली. दोर ताणले. पट्ट्यांनी मला धरून ठेवले. वरून ओढ, बाजूने पकड, समोरून अख्ख्या तलावाचा भार. मग माझा डावा दोर तुटला. तो आतून कधीच गंजला होता. तुटलेले टोक चाबकासारखे उडून कठड्यावर आपटले.

"बंद करा, साहेब! बंद!" काका ओरडले.

नव्या साहेबांनी बटण सोडले. "चाचणी झाली होती ना याची?"

"एक नंबरची झाली होती."

"मग हा वर का जात नाही?"

काकांनी कठड्यावरून वाकून माझ्या हिरव्या कडेकडे पाहिले. "पट्ट्या आहेत त्याला. वेल्डिंगच्या. गळती थांबवलेली तेव्हा."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, कापल्या असतील."

"कोणी?"

काका तुटलेल्या दोराचे टोक बाजूला ओढू लागले. साहेबांना बहुधा तो चहा आठवला असावा.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. मुलगी होती. इथे पाण्याचा आवाज इतका आहे, की बोलणे ओरडूनच होते, म्हणून मलाही ऐकू आले.

"बाबा, गाडीवरून सांगत फिरतायत, घरं सोडा म्हणून. खरंच सोडायचं?"

"सोड. लगेच."

"अहो, पण सासूबाईंना खाटेसकट उचलावं लागतं. हे अजून आले नाहीत, शेजारचे आपापलं सामान काढतायत. पाणी पायरीपर्यंतच आहे. त्याच्या वर नाही ना येणार?"

"बांध राहिला तर नाही येणार."

"राहिला तर म्हणजे? बाबा, दरवाजे तुमच्याकडे आहेत ना?"

"चार सोडलेत."

"आणि पाचवा?"

"तू वाद नको घालू गं बाई. शेजाऱ्यांच्या पाया पड, पण खाट उचल."

पोरीने शेवटी काय म्हटले, ते पाण्यात बुडाले.

ठिणगीला बोलावणे गेले. तो गॅसचे नळकांडे आणि कटर घेऊन आला, तेव्हा साडेचार झाले होते. त्याचे केस पिकले आहेत, शर्टाला भोके तशीच आहेत. कमरेला दोर बांधून घेताना तो म्हणाला, "मीच जोडलं, मीच तोडतो. पण काका, त्या दिवशी जरा कामचुकारपणा करायला हवा होता."

कोणी हसले नाही. तोही हसला नाही.

दोराचे दुसरे टोक काकांनी आपल्या अंगाभोवती घेतले. ठिणगी माझ्या उजव्या कडेला लावलेल्या शिडीवरून उतरला. शेजारच्या चार नंबरमधून सुटलेले पाणी खाली आपटून त्याच्या अंगावर येत होते. ज्योत विझे, तो पुन्हा पेटवी. पहिली पट्टी सुटली तेव्हा मला कित्येक वर्षांनी कडेला मोकळे वाटले आणि लगेच त्या फटीतून धार लागली. हीच ती धार, जिच्यासाठी दुकाने बंद झाली होती.

मित्रांनो, सांगण्यासारखा उपदेश माझ्यापाशी फारसा नाही, आणि आज तो कोणाच्या कामाला येईल असेही मला वाटत नाही. तरी सांगतो. काही गळताना, खचताना दिसले तर जरूर ओरडा. टेलरमास्तरांसारखे मोठ्याने ओरडा. पण गळती थांबली की टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. ती कशी थांबवली, तेही विचारा. आणि कोणी तुम्हाला जवळचा दरवाजा उचलून दाखवला, तर ओळीच्या टोकापर्यंत चालत जा. ऊन असले तरी जा. माझ्यापर्यंत कोणी आले असते, तर त्याला ही पट्टी रंगाखाली हाताला लागली असती.

मी उघडलो तरी एकाच दोरावर, तिरका वर जाईन. मध्येच अडकेन, कदाचित अजिबात जाणार नाही. माझी डावी बाजू ओढायला साहेब फोनवर साखळीची पुली मागत आहेत. आमच्या गोदामात एक होती. पंप उचलायला म्हणून कोणीतरी नेली आणि परत आणली नाही.

आता संध्याकाळ होत आली आहे. या घडीला हाती असलेली माहिती अशी. उजव्या कडेच्या सगळ्या पट्ट्या कापून झाल्या आहेत. डाव्या कडेच्या वरच्या तीन सुटल्या, खालच्या दोन फवाऱ्यात आहेत आणि ठिणगी त्यांच्यापाशी उतरला आहे. त्याची ज्योत मला दिसत नाही, पण काकांच्या अंगाभोवतीचा दोर ताणलेला आहे. मातीच्या बांधाच्या माथ्यापासून पाणी वीतभर खाली आहे. खचलेल्या जागी वीतही नाही. तिथला गंजका ड्रम मघाशी उतारावरून घसरून पाण्यात तरंगू लागला. वस्तीतल्या दुसऱ्या गल्लीतून अजून काही कळलेले नाही. काकांचे दोन्ही हात दोरावर आहेत आणि खिशातला फोन दोनदा वाजून थांबला.

मी अजून उघडलेलो नाही.