एक कुटुंब, एक फॉर्म

बेट एवढं चिमुकलं होतं, की यॉटचा कप्तान म्हणाला, "इथे हरवायचं म्हटलं तरी हरवता येणार नाही." बाकीचे नऊ प्रवासी खो खो हसले. ईरा ठोसर हसली नाही. तिला विनोद कळला होता, पण तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

अकरा महिने तिचं हे असंच चाललं होतं. घरी, मिसिसागातल्या हिवाळ्यात ग्लव्हज विसरून बसची वाट पाहत उभं राहिलं, की बोटं आपली राहत नाहीत ना, अगदी तसं. आई-बाबांनी सोफ्यावर शेजारी शेजारी बसून, एकमेकांना मध्ये न तोडता, "आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय" असं सांगितलं, तेव्हापासून. ही क्रूझ त्याआधी बुक झालेली. पैसे परत मिळत नव्हते, म्हणून शाळेच्या मार्च ब्रेकच्या सुट्टीत तिघंही आले होते, दोन केबिन घेऊन.

आईला, म्हणजे नीरजाला, मॉन्ट्रियलला नोकरी लागली होती. बाबा, म्हणजे परीक्षित, मिसिसागाच्या काँडोतच राहणार होते. ईराने कुठे राहायचं, हे ईराने ठरवायचं होतं. आजच. मॉन्ट्रियलच्या शाळेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख होती आणि वायफाय फक्त या बेटावरच्या बारमध्ये होतं.

"तुझा चॉइस, पिल्लू," बाबा होडीतून उतरताना म्हणाले.

"एकदम तुझा," आई म्हणाली. "आम्ही दोघंही ओके आहोत."

नेमकी हीच तर गोम होती! दोघंही ओके होते. ईराच्या वर्गातल्या साक्षीचे आई-वडील वेगळे झाले, तेव्हा त्यांनी म्हणे पार्किंग लॉटमध्ये तिच्या बॅकपॅकची ओढाओढ केली होती. साक्षी रडत रडत सांगत होती आणि ईराला चक्क तिचा हेवा वाटला होता.

पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायचा होता, पण कस्टम्सच्या खोपटाला कुलूप. दारावर खडूने लिहिलं होतं, 'तीन वाजता.' मग काय, निघाले तिघं बेट पाहायला.

पाहायचं ते सगळं पाहून झालं. मिठाचं तळं पाहिलं, त्याच्या कडेला गुलाबी फेस जमला होता. भल्यामोठ्या शंखांचा ढीग पाहिला, माणसाच्या छातीएवढा. रस्त्याच्या मधोमध बसलेल्या बकऱ्या पाहिल्या. बाबांनी हॉर्न वाजवल्याचा आवाज तोंडाने काढला, तर त्या ढिम्म. पत्र्याच्या छपराचं चर्च, वाळूतली थडगी, त्यांच्यावर प्लास्टिकची फुलं. पाणी तर इतकं निळं, की ईराला ते कुणीतरी एडिट केल्यासारखं वाटलं.

"सुंदर आहे ना गं?" आईने विचारलं.

"हो. इट्स नाइस."

यॉटवरच्या एका आजीबाईंनी बाबांचा फोन घेतला आणि तिघांना तळ्यासमोर उभं केलं. "जवळ या, जवळ या! एवढे लाजता काय?" आई-बाबा जवळ आले. मध्ये ईरा. फोटो लगेच पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर जाणार होता. तिकडे अजून कुणालाच काही माहीत नव्हतं.

तीन वाजता खोपट उघडलं. आतल्या बाई आत्ताच बकऱ्यांना पाणी पाजून आल्या होत्या. हात पुसत त्यांनी तिन्ही पासपोर्ट उघडले आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"एक कुटुंब, एक फॉर्म."

"दोन द्या," आई म्हणाली.

बाईंनी चष्मा लावला. "ईरा परीक्षित ठोसर. नीरजा परीक्षित ठोसर. परीक्षित जनार्दन ठोसर." मग बाबांकडे पाहून त्या मिस्कील हसल्या. "दोघींच्या नावात मध्ये परीक्षित आहे. वेगळे तर तुम्हीच दिसताय, मिस्टर जनार्दन!"

"ती आमची पद्धत आहे," बाबा पुटपुटले. "बायकोच्या, मुलांच्या नावात मध्ये... जनार्दन माझे वडील."

"पासपोर्ट बदलायचा राहिलाय माझा," आई म्हणाली. "दोन फॉर्म, प्लीज."

"बरं बाई, दोन. मग मुलगी कुठल्या फॉर्मवर?"

खोपटात पंखा करकरत होता.

"मी माझा वेगळा भरू?" ईराने विचारलं.

"अठरा पूर्ण?"

"सोळा."

"मग नाही."

"टेक युअर टाइम, पिल्लू," बाबा म्हणाले. "नो प्रेशर."

ईराने आईकडे पाहिलं. मग बाबांकडे. दोघांच्याही चेहऱ्यावर तेच समजूतदार हसू. तिला वाटलं, आता बोटीचा भोंगा होईपर्यंत आपण असेच उभे राहणार.

आणि आईचा हात पुढे आला. कुणाला न विचारता तिने ईराचा पासपोर्ट उचलला आणि आपल्या पासपोर्टवर ठेवला.

"अगं ए, थांब!" बाबांनी त्याचं दुसरं टोक पकडलं. "असं ठरलं नव्हतं हं नीरजा!"

"मग काय ठरलं होतं? तिने इथे रात्र काढायची? अकरा महिने एकदा तरी म्हणालास, की मुलगी मला हवी?"

"तू म्हणालीस?"

"आत्ता म्हणतेय!"

"मग मीही म्हणतोय! हवी आहे मला! सोड!"

"सोडणार नाही!"

बाई चष्म्यावरून पाहत राहिल्या. मराठीचं अक्षरही कळत नसलं, तरी त्यांना सगळं कळत होतं.

"मॉन्ट्रियल," ईरा म्हणाली.

आईने आधी हात घातला होता, एवढंच. दुसरं कारण तिच्यापाशी नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही.

बाबांनी पासपोर्ट सोडला. "ओके," ते म्हणाले, पण हा ओके आधीच्यांसारखा नव्हता. आपला फॉर्म ओढून त्यांनी 'एकूण व्यक्ती' समोर एक लिहिलं.

आई शाळेचा फॉर्म भरायला तडक बारकडे गेली. जाताना तिने दोनदा डोळे पुसले. बाबा आणि ईरा धक्क्याकडे निघाले. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो ठेवलेला तिला दिसला. जाणवायला मात्र धक्क्यापर्यंत चालत जावं लागलं.