मालकाचं घर

दादाला वायरिंगचं काम येतं, म्हणून आपल्याला सगळंच येतं असं तो धरून चालतो. बहिणीच्या नव्या खोलीत राउटर बसवायला आला तेव्हा तिने त्याला एकच गोष्ट सांगितली. "नाव आणि पासवर्ड, दोन्ही बदल."

"कशाला? जुनंच टाकतो. तुझा मोबाईल, टीव्ही, सगळं आपोआप जोडलं जाईल. नाहीतर बस एकेकात पासवर्ड भरत."

"ते नाव त्याने ठेवलंय, दादा."

"मग? नाव चावतं का तुला?"

नाव होतं 'मालकाचं घर'. ठेवणारा तिचा नवरा, ट्रक ड्रायव्हर. त्याने तिच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. सात महिने ती शिलाई मशीन घेऊन खोल्या बदलत होती. सिम बदललं. गिऱ्हाइकांनाही पत्ता देईना. पण त्या घरातून तिला ओढून काढणारा दादाच होता, म्हणून ती गप्प बसली. उपकार करणाऱ्यापुढे बाईने गप्पच बसायचं, हे तिच्या हाडात मुरवलेलं होतं.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, लाथेसरशी दाराची कडी उडाली.

"शहाणी," नवरा तिचे केस मुठीत धरून म्हणाला. "याच भागात आहेस एवढं कळलं होतं. दोन दिवस गल्ल्या पालथ्या घातल्या. आज तुझ्या जिन्याखाली उभा राहिलो आणि मोबाईलला वायफाय लागलं. आपोआप. घराने मालकाला ओळखलं बघ."

त्याने तिचं तोंड मशीनवर आपटलं. दात ओठात घुसला. मग तिचीच मापाची टेप तिच्या गळ्याला आवळली. डोळ्यांपुढे अंधारी येत असताना तिचा हात कापडाखाली चाचपडला आणि कात्री सापडली. ती तिने त्याच्या मांडीत खुपसली. बाहेर काढली, पुन्हा खुपसली.

तो कोसळला, तरी सरपटत तिच्या घोट्याशी पोचला. टेबलावर इस्त्री तापलेली होती. ती तिने त्याच्या पंजावर टेकवली आणि तो ओरडेपर्यंत नाही, ओरडायचा थांबेपर्यंत दाबून धरली.

शेजारणीने पोलिसांना आणि दादाला फोन केला. दादा आधी पोचला. त्याने मेव्हण्याचे हात वायरने करकचून बांधले, मांडीला चादर आवळली.

"याला पत्ता कुणी दिला?"

तिने जमिनीवर पडलेला नवऱ्याचा मोबाईल उचलून दादापुढे धरला. पडद्यावर वायफायची खूण, खाली 'मालकाचं घर'.

दादाचा चेहरा पडला. "मला वाटलं..."

"हो. तुलाच वाटलं."

तिने मशीनची सुई काढली, राउटरच्या मागच्या रीसेटच्या बारीक भोकात घातली आणि दाबून धरली. ओठातलं रक्त राउटरवर ठिबकत होतं. त्यावरचे दिवे विझले. नवऱ्याच्या मोबाईलवरची खूण गेली.

दिवे परतल्यावर तिने राउटरच्या पाठीवरच्या कागदावरचा मूळ पासवर्ड वाचून स्वतःच्या मोबाईलवर सेटिंग उघडली. नवं नाव टाकलं, नवा पासवर्ड टाकला, सेटिंग उघडायचा पासवर्डही बदलला. दोनदा चुकली.

खालून गाडीचा आवाज आला.

"काय ठेवलास पासवर्ड?" दादाने विचारलं. "मलाही माहीत असलेला बरा. कधी बिघडलं तर..."

"बिघडलं तर मी बघेन," ती म्हणाली आणि पोलिसांना वर घ्यायला जिन्याकडे गेली.