पाटलाची पद्मिनी

स्टार्टर घरघरत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं. प्रसेनजीतनं चावी परत पिळली. गाडी खोकली आणि गप्प झाली. त्यानं स्टेअरिंगवर बुक्की हाणली.

"हाण, हाण. मारल्यावर चालू हुतीया व्हय?" शेजारच्या सीटवरनं त्याची आई अंजना म्हणाली. निळ्या काठाची पांढरीशुभ्र साडी नेसून ती सकाळपासनं पुढच्या सीटवर बसून होती. उतर म्हटलं तरी उतरत नव्हती.

दोन हजार दोन सालची चौदा एप्रिल. कुरुंदवाडजवळच्या त्यांच्या गावात दुपारी बाबासाहेबांची मिरवणूक निघणार होती, आणि हे दोघं कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या भाड्याच्या घरासमोर अडकलेले.

दुसरी गाडी करून जाता आलं असतं. एसटी होतीच. पण जायचं होतं ते ह्याच गाडीनं. ही जुनी पद्मिनी हंबीरराव पाटलाची. अंजनाचा नवरा जोतीराम दर रविवारी ती नदीवर धुवायचा. आतली सीटं पुसायचा, काच चाटून घ्यावी अशी करायचा, पण त्या सीटवर बूड टेकवायची त्याला मुभा नव्हती. धुऊन झाली की गाडी पुढं जायची आणि जोतीराम बादली घेऊन मागनं चालत यायचा. असाच चालत चालत म्हातारा झाला आणि मेला. पाटलाच्या पोरांनी नवी गाडी घेतली, जुनी विकायला काढली, तशी टेलिफोन खात्यातल्या प्रसेनजीतनं ती घेतली. त्याला गाडी नको होती, ही गाडी पाहिजे होती. आज आईला पुढं बसवून तो पाटलाच्या दारावरनं गावात शिरणार होता. गावाला वाटलं असतं, त्यात काय एवढं? ज्यांनी कधी बादली उचलली नाही त्यांना वाटणारच.

मागच्या गल्लीतनं मेकॅनिक निसार आला. बॉनेट उघडून त्यानं कार्बोरेटरला पेट्रोल नेणारी नळी सोडवली आणि तिच्या तोंडाशी बाटली धरली.

"मारा स्टार्टर."

पिचकारीसारखं उडायला पाहिजे होतं ते पेट्रोल म्हाताऱ्याच्या लघवीसारखं ठिबकलं.

"पेट्रोल येतंय, पण जोर न्हाय," निसार म्हणाला. "पंपातला पडदा फाटला असंल."

त्यानं दुसरा पंप आणून बसवला. परत बाटली, परत स्टार्टर. तेच ठिबकणं. निसारनं नवा पंप कानाशी धरून हलवला, जुना हलवला, दोन्ही मडगार्डवर ठेवून त्यांच्याकडं बघत बसला.

"दोन्ही पंप एकदमच बाद कसं असतील, मावशी?"

"मला काय इचारतोस? मेस्त्री तू का मी?"

मग निसारनं टाकीकडनं येणारी नळी तोंडात धरून जोरात फुंकली. मागं टाकीत गुडगुड झालं. "नळी तर साफ हाय," म्हणत त्यानं नवा पंप परत बसवला, नळ्या जोडल्या आणि सहज स्टार्टर मारायला सांगितलं. गाडी एका झटक्यात सुरू झाली!

अंजनानं साडी सावरली. निसार हात न पुसताच मागं बसला. दाभोळकर कॉर्नरपर्यंत गाडी झोकात गेली, तिथं दोन आचके दिले आणि भर रस्त्यात मेली.

"आता माझंच टाळकं बंद पडायची येळ आली," निसार म्हणाला. "जोर नव्हता, मग आला, परत गेला. पंप नवा, नळी साफ. हाय काय नेमकं हे?"

मागं हॉर्न वाजायला लागले. "ढकला की पावणं, का झोपलाय?" कुणीतरी ओरडलं. गाडी कडेला लावताना प्रसेनजीतच्या डोक्यात मात्र सगळं स्वच्छ झालं होतं. पाटलानं फसवलं. तो तडक एसटीडी बूथमध्ये शिरला.

"पाटील, प्रसेनजीत कांबळे बोलतोय."

"कोण? आं, जोत्याचा पोरगा."

"जोतीराम कांबळ्यांचा."

"त्येच की. काय म्हणतीया गाडी?"

"बंद पडलीया. काय घोळ करून ठेवलाय तिच्यात?"

"आमच्या दारात एक दिस बंद पडली न्हाय ती. ढेकळातनं चाललीया. टाकीचं टोपण तरी उघडून बघितलाईस का?"

"पेट्रोल घालायची अक्कल हाय आम्हाला! आमचं माणूस गाडीत बसून दारावरनं जाऊ नये म्हणून खराब माल गळ्यात मारलासा. तुमची जातच तसली!"

फोन आदळून तो बाहेर आला.

"टाकीचं टोपण बघ म्हणतोय! भिकारी समजतोय मला." टाकी भरलेली आहे हे निसारला दाखवायला त्यानं तावातावानं टोपण फिरवलं.

सुईईक. टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला की तिघंही जागच्या जागी थांबले.

निसारनं टोपण हातात घेतलं. मधोमध एमसीलचा ताजा गोळा, त्यावर बोटाचे ठसे.

"हे कुणी लिंपलं?"

"म्या," अंजना खिडकीतनं म्हणाली. "परवा गाडी धुतली तवा. पाटलाच्या खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू थापून थापून पापुद्रं झालतं. म्हटलं, त्याचं कुंकू आमच्या गाडीवर कशाला? खरवडलं तर खाली भोक. बघितलं का, म्हटलं, भोकाचं टोपण कुंकवाखाली दडवून दिलंय. लिंपून टाकलं."

निसार हसावं की रडावं अशा तोंडानं खाली बसला. "मावशी, ते भोक कंपनीचंच हाय. पेट्रोल जाईल तसा आत वारा जाया पाहिजे. न्हायतर टाकी आतनं धरून ठेवतीया, पंप किती वढणार? कुंकवातनं वारा जात हुता. एमसीलातनं कसा जाईल? मी नळीतनं फुंकलं तेवढा वारा आत गेला, म्हणून कॉर्नरपतुर तरी आली."

त्यानं स्क्रूड्रायव्हरनं गोळा उचकटला. गाडी सुरू झाली आणि बंद पडायचं नाव घेईना.

निसारला सोडून दोघं निघाले. इचलकरंजी मागं पडली. प्रसेनजीतला काही समजत नव्हतं. लहानपणापासनं साठवलेला राग होता, खरा होता, आणि तो नेमका पाटील खरं बोलत होता त्या दिवशी बाहेर पडला.

"आये, पाटलाला काय म्हणू?"

"गाडीचं खोटं बोललास, तेवढं सांग. बाकीचं खोटं न्हवतं."

गावात पोहोचले तेव्हा मिरवणूक पुढं गेलेली, ढोल लांबनं ऐकू येत होता. हंबीरराव ओट्यावरच होता. प्रसेनजीतनं गाडी थांबवली, पण उतरला नाही.

"टोपण उघडलंस?" हंबीररावानं विचारलं.

"उघडलं. तिथंच घोळ होता. आमच्याच हातनं झालता. खराब माल म्हटलं, ते चुकलं माझं."

"मग जोत्याच्या पोरा, मगाशी—"

"जोतीराम म्हणायचं, पाटील," अंजना पुढच्या सीटवरनं म्हणाली. आवाज चढवला नाही.

हंबीरराव ओट्यावरनं पुढं वाकला. त्यानं तिच्याकडं बघितलं, ती बसली होती त्या सीटकडं बघितलं, मग बॉनेटवरनं नजर फिरवत मागपर्यंत नेली.

"गाडी चांगली धुतलीया," तो म्हणाला.

हे कौतुक की टोमणा, प्रसेनजीतला कळेना. त्यानं आईकडं बघितलं. तिलाही कळलेलं दिसत नव्हतं.

"चल," ती म्हणाली. "ढोल लांब चाललाय."